तिसऱ्याचा होकार

त्रिकोणांचे प्रकार शिकवायचे आले की माझं डोकं आदल्या दिवसापासूनच दुखायला लागतं. धडा अवघड नाही. तिन्ही कोन नव्वदच्या आत असले तर लघुकोन त्रिकोण, एक बरोबर नव्वदचा असला तर काटकोन, एक नव्वदच्या वर गेला तर विशालकोन. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावची पोरं हा धडा एका तासात उरकतात, असं तिथले गुरुजी सांगतात. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. आमच्या तांड्यावर मात्र आठवडा जातो आणि शेवटी पालथ्या घड्यावर पाणी.

चूकही दरवर्षी तीच. मी फळ्यावर त्रिकोण काढते, त्यातला एक कोन चांगला ऐसपैस, बाकीचे दोन चिंचोळे. पोरं कोनमापक लावून मोजतात, अगदी नीट मोजतात. एकशे वीस, पस्तीस, पंचवीस. कोनांची नावंही बरोबर सांगतात: विशाल, लघु, लघु. मग त्रिकोण कुठला? सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, लघुकोन. काटकोन त्रिकोण काढला तरी लघुकोन. पहिली काही वर्षं मी ओरडले, मग समजावलं, मग पुन्हा ओरडले. आता ओरडायलाही जीव लागतो.

मी शालूबाई. हिंगोलीत राहते. सकाळी बसने गोरेगाव, तिथून जीपने तांड्याच्या फाट्यापर्यंत आणि पुढे पायी. जीपमध्ये किती माणसं बसतात हे विचारू नये, किती उतरतात ते बघावं. माझे गुडघे गेले ते त्या जीपच्या मागच्या पायरीवर. शाळा सातवीपर्यंत आणि शिक्षक दोन, त्यातले दुसरे गुरुजी कायम कुठल्या ना कुठल्या सरकारी मोजणीवर. म्हणजे शाळेत मी, खिचडी शिजवणारी बाई आणि पोरं. तांडा बंजाऱ्यांचा. घरात त्यांची बोली, माझ्याशी मराठी. माणसं चांगली आहेत, पण चांगल्या माणसांचाही थकवा येतो.

या वर्षी मात्र माझी सुटका होणार होती. बदलीत माझा नंबर लागला होता. नरसीच्या रस्त्यावरची शाळा, घरापासून पायी जाता येईल अशी. मी एका रविवारी जाऊन ती बाहेरून बघूनही आले होते. फाटकाजवळ पाण्याचा नळ, व्हरांड्यात पंखा, आणि जीप नाही. ज्यांना बदली नको असेल त्यांनी सोमवारपर्यंत कळवायचं होतं. नको कुणाला असणार?

तर त्या शनिवारी सकाळची शाळा होती. हळद शिजवायचे दिवस, म्हणून निम्मा वर्ग आईबापांबरोबर शेतात. मी ठरवलं की जाता-जाता हा त्रिकोणांचा धडा एकदाचा मार्गी लावायचा. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे त्रिकोण कापून आणले होते. प्रत्येकाला वहीचा कोपरा मोकळा धरायला सांगितला, तो नव्वदचा. कोन त्याच्यावर ठेवून बघा, आत बसतो की बाहेर जातो, आणि त्रिकोणांचे तीन ढीग करा. पोरं रंगली. मी जरा खुर्चीवर टेकले. उठून बघते तर ढीग एकच. सगळे त्रिकोण लघुकोनाच्या ढिगात.

पुजाला मी हाक मारली. हरिचंद आणि रुख्मिणीबाईची मोठी, सातवीतली. वर्गात सगळ्यात तल्लख आणि सगळ्यात हट्टी. एक पसरट त्रिकोण उचलून तिच्यासमोर धरला आणि हा लघुकोन कसा ते विचारलं.

“दोघं एकीकडं हायेत, मॅडम,” ती म्हणाली. “एकटाच वायला हाय. मग नाव दोघायचंच लागंन ना?”

हे तुला कुणी शिकवलं, असं विचारल्यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू सूर्य कुठे उगवतो ते मी विचारलं. तांड्यात असंच असतं, म्हणाली. मग मला उलगडलं. या तांड्यावर कुठलाही पेच पडला की तिघं बसतात: तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक, त्याचा कारभारी आणि एक जाणता माणूस. इतर तांड्यांवर काय रीत आहे मला माहीत नाही, इथे ही आहे. दोघांचं एक झालं की तिसरा आपलं मत गिळतो आणि मोठ्यानं ‘व्हय’ म्हणतो. तिघांनी म्हटल्याशिवाय निकाल होत नाही, पण दोघं झाले की तिसरा म्हणणारच. पोरांनी हे लहानपणापासून मंदिराच्या ओट्याखाली बसून ऐकलेलं. त्यांच्या दृष्टीनं मीच वर्षानुवर्षं काहीतरी अन्यायाचं शिकवत होते.

इतकी वर्षं मी ओरडले आणि एकदाही विचारलं नाही, म्हणून माझाच मला राग आला. राग आला की मी बरी शिकवते.

पुजाला खडू दिला आणि म्हटलं, दोन विशाल कोन असलेला त्रिकोण काढून दाखव. ती ऐटीत उठली. खाली आडवी रेघ काढली, दोन्ही टोकांना दोन ऐसपैस कोन केले आणि रेघा वर नेल्या. रेघा एकमेकींपासून लांब पळाल्या. पुसून पुन्हा काढलं. फळा संपला, रेघा काही भेटेनात. मग दोन काटकोन करून पाहिले, तर दोन्ही रेघा सरळ वर निघाल्या, भांडलेल्या जावांसारख्या. पोरं हसायला लागली. पुजा हसली नाही.

“जुळतच न्हाई,” ती म्हणाली.

मी सांगितलं, जुळणारच नाही. तिघांना मिळून एकशे ऐंशी अंशच मिळतात. एकानं जास्त घेतलं की बाकीच्या दोघांना लहान व्हावंच लागतं. म्हणजे कुठलाही त्रिकोण घे, त्यात दोन कोन तरी लघु असणारच. मग त्या दोघांवरून नाव ठेवलं तर जगातल्या सगळ्या त्रिकोणांचं एकच नाव होईल, जसा तुमचा हा एकच ढीग झालाय. वेगळेपण आहे ते तिसऱ्यात. तो काय आहे ते बघायचं आणि नाव द्यायचं.

पुजा बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “म्हंजे लघुकोन म्हणाया तिघंबी लागतेत.”

“तिघंही.”

तिनं खाली बसून ढीग मोडला आणि तीन ढीग केले. एकही चूक नाही. बाकीची पोरंही मग वहीचे कोपरे लावत तिच्यामागे लागली. मला गहिवरून वगैरे आलं नाही, खोटं कशाला बोलू. भूक लागली होती आणि जाणारी बस डोळ्यांसमोर होती. पण बरं वाटलं. जाता-जाता एक गोष्ट मार्गी लागली.

शाळा सुटली तर फाटकात हरिचंद उभा. कमरेत वाकलेला माणूस. हळदीच्या गोण्या उचलताना पाठ गेली तेव्हापासून तो सरळ उभा राहत नाही. नायकानं घडीभर बोलावलंय, म्हणाला. मी घड्याळ दाखवलं. तो नुसता उभा राहिला. शेवटी गेले.

मंदिराच्या ओट्यावर नायक उत्तमसिंग बसले होते, शेजारी कारभारी प्रेमदास. तिसरी जागा जगनबाबांची. ते दिवाळीत वारले, तेव्हापासून ती रिकामीच होती. नायकानं त्या जागेवरची धूळ आपल्या पागोट्याच्या शेवानं झटकली आणि मला बसायला सांगितलं. मी घटकाभर हुरळले, हे कबूल केलं पाहिजे. या ओट्यावर आजवर कुठली बाई बसलेली मी पाहिली नव्हती. बसल्यावर कळलं की हुरळायचं काही कारण नव्हतं.

पेच होता पुजाचा. आमच्या शाळेत सातवी संपली की पुढे आठवीला गोरेगाव. हरिचंदला तिची शाळा थांबवायची होती. त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. रुख्मिणीबाई उजाडायच्या आत शेतावर जाते. त्याची पाठ अशी. मागची दोन लेकरं बारकी, त्यांना कोण बघणार? आणि ती जीप. पुरुषांनी लोंबकळत भरलेली, पोरगी कुठे बसणार? उतरल्यावर फाट्यापासून तांड्यापर्यंत रस्ता सुना. त्याच्या भावाची मिना अशीच सातवीनंतर घरी बसली, तिचं काही बिघडलं नाही. हरिचंद वाईट माणूस नाही. तो वाईट असता तर मला पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

पुजा ओट्याखाली उभी होती, कडेवर बारका भाऊ. दप्तर अजून पाठीलाच. रुख्मिणीबाई तिच्या मागे, पदराचं टोक तोंडात धरून. तिचं मत कुणी विचारलं नाही, आणि तिनंही विचारायची वाट पाहिली नाही. ती फक्त माझ्याकडे बघत होती.

नायक धूर्त माणूस. माझ्याकडे कलून हळू आवाजात म्हणाले, “पोरगी कोणाचंच ऐकून न्हाई राहिली, मॅडम. जेवण सोडलं तिनं. तुमचं ऐकते ती. तुमी बी आता चालल्याच. जाता-जाता तेवढा शब्द टाकून जा, म्हंजे घरातली तकलीफ मिटली.”

तेव्हा कळलं की जगनबाबांची जागा मला का झटकून दिली. त्यांना जाणता माणूस नको होता, मॅडमचा होकार हवा होता. उद्या पुजा रडली तर म्हणायला, की बाई, तुझ्या मॅडमच व्हय म्हणाल्या.

प्रेमदास म्हणाले, व्हय. नायक म्हणाले, व्हय. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले, अगदी निवांत. चहा सांगून झाला होता.

मला तिथली रीत पूर्ण ठाऊक होती, पोरांना वाटतं त्यापेक्षा जास्त. तिसरा ‘न्हाई’ म्हणू शकतो, पण मग ते त्याच्या अंगावर पडतं. मी नवीन असताना देवाला सोडलेला एक लंगडा बैल तांड्यात फिरायचा, पिकं खायचा. दोघं म्हणाले, बाजारात नेऊ. जगनबाबा म्हणाले, न्हाई. झालं, बैल त्या संध्याकाळी जगनबाबांच्या दारात बांधला गेला. तो मरेपर्यंत त्यांनी त्याला चारलं, शेवटी शेवटी तर स्वतःची भाकर मोडून. त्यानंतर ओट्यावर कुणी न्हाई म्हटलेलं मी ऐकलं नाही. न्हाई म्हणून घरी निघून जायची सोय इथे नाही. पाठीमागे भार उचलणारं माणूस नसेल तर ते न्हाई मोजतच नाहीत.

म्हणजे मला पुजासाठी नुसतं वाईट वाटून भागणार नव्हतं. व्हय म्हटलं तर सोमवार निघून जाणार, जूनमध्ये मी नळाजवळच्या त्या शाळेत. न्हाई म्हटलं तर इथेच, त्याच जीपच्या त्याच पायरीवर, पोरीची दहावी होईपर्यंत. आणि मी काही समाजसेविका नाही. मला पगारापुरतं नीट काम करून वेळेवर घरी जायला आवडतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, संध्याकाळी त्यांना कूस बदलून द्यावी लागते. माझ्या जागी दुसरी येईल, तरुण येईल, ती बघेल, असं मी मनाला सांगून पाहिलं. दुसरी कोणी येत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. या तांड्यावर बदली मागून घेऊन आलेलं माणूस मी पाहिलं नाही.

पुजा माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती, हात जोडत नव्हती. सकाळी फळ्याकडे बघत होती तशीच बघत होती, आता पुढे काय निघतं ते. मला तिचा भयंकर राग आला. आणि माझाही. मोठ्या तोंडानं सांगायला कुणी सांगितलं होतं, की दोघं कसे आहेत ते सोड, तिसऱ्याकडे बघ? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

“नाही,” मी म्हणाले.

प्रेमदासांनी कान पुढे केला. त्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मी पुन्हा सांगितलं. चहा घेऊन आलेली बाई पायरीवरच थांबली.

नायक रागावले नाहीत. त्यांनी मला समजावून सांगितलं, एखाद्या नवख्याला सांगावं तसं. म्हणाले, पोरगी बैल नाही, दारात बांधली आणि झालं. सकाळी तिला जीपमधी कोण बसवील, संध्याकाळी फाट्यावर कोण उभं राहील, बारकी लेकरं कुठे ठेवायची? मी एकेक सांगत गेले. सांगताना माझं मलाच नवल वाटत होतं, कारण हे सगळं मी कधी ठरवलंच नव्हतं. बारकी दोघं शाळेच्या व्हरांड्यात माझ्या नजरेखाली बसतील, खिचडी खातील. सकाळी मी ज्या जीपनं येते ती पुढच्या वाडीवर सवारी उतरवून तशीच माघारी गोरेगावला जाते. मी फाट्यावर थांबीन, पुजाला पुढच्या बाकावर बसवीन, मग शाळेत येईन. संध्याकाळी ती उतरेल तेव्हा मी फाट्यावर असेन. हरिचंदनं तिथपर्यंत चालत यायचं आणि पोरीला घेऊन जायचं. पाठीला चालणं चांगलंच असतं.

“हे जूनमधी?” नायकांनी विचारलं.

“जूनमध्ये.”

“पण तुमी तर चालल्या.”

इथे मला थांबावं लागलं. मागची सगळी उत्तरं पटापट निघाली होती, हे एक निघेना. समोर कडुनिंबाचा पाला गळत होता, तो बघत बसले. रुख्मिणीबाईच्या तोंडातलं पदराचं टोक खाली आलं.

“नाही चालले,” मी म्हणाले. “तिची दहावी होईपर्यंत आहे इथे.”

मग जे झालं ते मी आजवर पाहिलं नव्हतं. नायकांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं, टाळू खाजवली आणि म्हणाले, न्हाई. प्रेमदास कुरकुरले, असं कधी असते का म्हणाले, नायकांकडे पाहिलं आणि शेवटी तेही म्हणाले, न्हाई. तांड्याचं तोंड एकच दिसलं पाहिजे, ही रीत. ती त्यांनी स्वतःवरही पाळली, एवढं त्यांचं ऋण मानलं पाहिजे. चहा गार झाला होता. तो सगळ्यांनी मुकाट्यानं प्यायला.

हरिचंद जवळ आला. मला वाटलं, पाया पडतो की काय. पण त्यानं हिशेबाचं विचारलं, “मॅडम, तुमी एखाद्या दिशी आजारी पडल्या तर?”

“तर तू बसवायचं तिला जीपमध्ये.”

त्यानं विचार केला आणि मान हलवली. त्याच्या तोंडावर सुटका होती की नवं ओझं, मला सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही.

गोरेगावहून सुटणारी माझी बस केव्हाच गेली होती. पुजा मला सोडायला फाट्यापर्यंत आली, भाऊ अजून कडेवर. उन्हानं रस्ता तापला होता. फाट्यावरून मी घरी फोन लावला. यजमानांना सांगितलं की सोमवारी बदली नको म्हणून कळवायचं आहे. मग त्यांनी एवढंच विचारलं, आणि तुझे गुडघे? मी म्हटलं, ते येतील माझ्याबरोबर, आजवर कुठे घरी राहिले? ते हसले नाहीत. सासूबाईंच्या औषधाची वेळ झाली म्हणाले आणि फोन ठेवला.

“मॅडम,” पुजा म्हणाली, “तुमाला जायचं व्हतं ना?”

“होतं.”

“खूप?”

खोटं बोलायला हवं होतं. मोठी माणसं अशा वेळी खोटंच बोलतात. पण मी इतकी दमले होते की खोटं जुळवायलाही त्राण नव्हतं. खूप, असं मी सांगितलं आणि तिथेच दगडावर बसून रडायला लागले. आणि ते तिच्यासाठी नव्हतं. तिचं चांगलं झालं म्हणूनही नव्हतं. मी रडत होते ती माझ्यासाठी, नरसीच्या रस्त्यावरच्या त्या शाळेसाठी, तिथे घरून पायी जाण्यासाठी. पुजानं मला गप्प केलं नाही. भावाला खाली उतरवलं आणि माझ्याशेजारी उभी राहिली.

जीप आली, नेहमीसारखीच भरलेली. मागची माणसं सरकायला तयार नव्हती. पुजा पुढच्या दाराशी गेली आणि ड्रायव्हरशेजारी पाय पसरून बसलेल्या माणसाला म्हणाली, “काका, तुमी मागं जा. मॅडमचे गुडघे दुखतेत.” तो तिच्याकडे बघत राहिला. ती हलली नाही. शेवटी तो उतरला. तिनं माझी पिशवी आत ठेवली, मला हात दिला आणि मी बसल्यावर दार दोनदा ओढून नीट लागलंय का ते पाहिलं.